वीटभट्टीला थांबणारा बसाप्पा

बसाप्पा हेब्बाळे डबल बेल देण्याआधी मागे बघत. माणसे चढून झालेली असत, ड्रायव्हर आरशातून खुणावत असे, मागचे मोटारवाले हॉर्नवर हात ठेवून बसलेले असत. पण ह्या माणसाचा एक हात दोरीवर आणि मान दाराबाहेर. रस्त्यावरून कोणी पळत येत नाही अशी खात्री पटली की मगच दोरी दोनदा ओढली जाई. कोणी घाई केलीच तर ते शांतपणे सांगत, "म्होरं बघायला ड्रायव्हर हाय की. मला पगार मागं बघायचा मिळतोय."

आमची पहिली गाठ मी त्यांच्या जागेवर बसल्यामुळे पडली. शहराच्या बससेवेच्या कार्यालयात, वाहतूक शाखेत मी नुकताच लागलो होतो. घर शिवाजी पेठेत आणि दारात मोटरसायकल. बसच्या वेळापत्रकांवर पोट भरणारा मी बसमध्ये वर्षातून एकदा चढत असेन. त्या दिवशी गाडी गॅरेजला होती म्हणून चढलो आणि दाराजवळची रिकामी सीट बघून ऐटीत बसलो. "पावणं, ही कंडक्टरची सीट हाय," असा आवाज आला. मी गडबडीने ओळखपत्र काढून दाखवले. खरे तर उठायला हवे होते, पण नवी नोकरी होती, ओळखपत्र दाखवायची हौस होती. त्यांनी ते दोन्ही बाजूंनी वाचले, परत दिले आणि म्हणाले, "बसा साहेब. तशी ती रिकामीच असती. नाव बसाप्पा, पर पंचवीस वर्षांत बसलो काय न्हाय." सगळी बस हसली. मीही हसलो आणि बसूनच राहिलो.

त्यांचे गाव कागलच्या पलीकडे, सीमेच्या अगदी काठावर. घरात कन्नड, दारात मराठी. त्यामुळे बसमधली म्हातारी बाई त्यांची अव्वा, मधल्या वयाची अक्का आणि लहान वयाचा कोणीही तम्मा, म्हणजे धाकटा भाऊ. चारचौघांत मी साहेब होतो, दोघेच असलो की तम्मा. एखादी गोष्ट बिघडली, कोणी टाकून बोलले, की ते हात झटकून "इरली बिडू" म्हणत. असू दे, सोड. डेपोत निम्म्या लोकांना कन्नडचा गंध नव्हता, पण हे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी बसले होते.

एका गोष्टीला मात्र ते "इरली बिडू" म्हणत नसत. दर वर्षी एप्रिलमध्ये ते माझ्या टेबलाशी येत आणि कर्मचाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या शेजारच्या आस्थापना शाखेतून स्वतःची सेवानोंद मागवून घेत. चष्मा लावून एकेक पान उलटत. कुठे मेमो नाही, ठपका नाही, खुलासा मागितलेला नाही. "कोरी हाय न्हवं? मग ऱ्हाऊ दे," म्हणून पुस्तक परत करत. ह्यामागे कारण होते. आमच्या डेपोत एक रीत आहे. ज्याची नोंद कोरी असेल त्या कंडक्टरची शेवटची फेरी सजवलेल्या गाडीतून होते. गाडीला झेंडूच्या माळा, आत त्याचे घरचे लोक, आणि कंडक्टरच्या सीटवर त्याची बायको. डेपोतून थेट त्याच्या दारापर्यंत. कुठल्याही नियमात हे लिहिलेले नाही, पण नोंदीत एक जरी ठपका असला तरी ती गाडी मिळत नाही. बसाप्पांच्या गावात शहराची बस कधी गेलेली नव्हती. ती एकदा न्यायची, बायकोला त्या सीटवर बसवून गावाच्या वेशीतून आत न्यायची, एवढी एक इच्छा त्यांनी मला सांगितली होती. "आमच्या मंडळीला वाटतंय मी बत्तीस वर्षं नुसता घंटी वाजवत फिरलो," ते म्हणाले. "एकदा बघू दे की तिला."

मग जलद फेऱ्यांचे निघाले. रात्री आठनंतर आणि रविवारी आमच्या गाड्या निम्म्या रिकाम्या धावतात. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीकडची गाडी तर तेवीस थांबे घेत घेत शहरात यायला दीड तास लावते. वरून हुकूम आला की ह्या फेऱ्या 'जलद' करा, थोडेच थांबे ठेवा. कोणते ठेवायचे आणि कोणते गाळायचे हे काम माझ्याकडे आले. मी तीन महिन्यांची तिकिटांच्या मशीनमधली माहिती काढली, थांब्यांची यादी शेजारी ठेवली आणि दोन्ही जुळवून पाहिल्या. तेवीसपैकी चौदा थांब्यांवर तीन महिन्यांत एकही माणूस चढला नव्हता की उतरला नव्हता. खरे तर ह्याचे मला नवल वाटायला हवे होते. मला आनंद झाला. इतके स्वच्छ उत्तर आयुष्यात पहिल्यांदाच आले होते. चौदाच्या चौदा गाळून मी तक्ता केला, साहेबांनी तो बैठकीत दाखवला आणि माझे नाव घेऊन दोन वाक्ये चांगली बोलले. ती दोन वाक्ये मला अजून पाठ आहेत, एवढे सांगितले तरी पुरे.

जलद फेऱ्या सुरू होऊन चार दिवस झाले आणि बसाप्पा माझ्या टेबलाशी आले. एप्रिल नव्हता. त्यांनी विचारले, वीटभट्टीचा थांबा का गाळला. वीटभट्टी तिथे आता नाही, नाव तेवढे उरले आहे. रस्त्याकडेला एक वस्ती आणि पुढे दोन किलोमीटर काही नाही. मी मशीनचा कागद पुढे केला आणि शून्यावर बोट ठेवले. त्यांनी कागदाकडे बघितले नाही.

"साहेब, मशीन माणूस मोजत न्हाय," ते म्हणाले. "भाड्याचा टप्पा मोजतंय. वीटभट्टीला टप्पाच न्हाय. तिथं उतरणाऱ्याला आमी म्होरच्या फाट्याचं तिकीट देतो. मशीनला वाटतंय सगळी फाट्यावर उतरली. एमआयडीसीच्या कँटीनमधल्या पाच बाया रोज वीटभट्टीला उतरत्यात. आता त्या फाट्यावर उतरून दोन किलोमीटर मागं चालत येत्यात, अंधारातनं."

मला त्याच क्षणी सगळे समजले. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे पुष्कळ दिवस मी स्वतःला सांगत आलो की मला तेव्हा नीट कळले नव्हते. चौदा थांबे शून्य होते कारण त्या चौदांना टप्पा नव्हता, एवढी ती साधी गोष्ट होती. डेपोतल्या कुठल्याही कंडक्टरला झोपेतून उठवून विचारले असते तरी त्याने सांगितली असती. मी कोणालाच विचारले नव्हते. बाकीच्या तेरा थांब्यांना पुढचा किंवा मागचा टप्पा हाकेच्या अंतरावर होता, तिथले लोक चार पावले चालून, कुरकुरत, निभावून नेत होते. वीटभट्टीचे तसे नव्हते. पण पाट्या छापून झाल्या होत्या, वर्तमानपत्रात चौकट आली होती आणि माझे ते दोन वाक्यांचे कौतुक ताजे होते. मी घसा साफ करून म्हणालो, "लेखी द्या."

मला वाटले होते लेखी म्हटल्यावर विषय मिटेल. चौथीपर्यंत कन्नड शाळेत शिकलेला माणूस, मराठी लिहिताना अक्षरे गोल गोल व्हायची. पण दुसऱ्या दिवशी ते वहीचा कागद घेऊन आले. अर्ध्या पानाचा अर्ज. पाचही बायकांची नावे, कँटीन किती वाजता सुटते, त्या कुठल्या गाडीला चढतात, सगळे नीट. शेवटी 'तरी साहेबांनी विचार करावा ही विनंती' असे लिहून सही. अर्ज घेतला की त्यावर आवक क्रमांक टाकायचा आणि नोंदवहीत लिहायचे, हा आमचा पहिला नियम. क्रमांक पडला की तो अर्ज साहेबांपर्यंत जातो. मी म्हणालो, ठेवा, बघतो. ते गेल्यावर अर्ज खणात सरकवला. क्रमांक टाकला नाही.

बसाप्पांनी आठ दिवस वाट बघितली असावी. मग त्यांनी वीटभट्टीला सिंगल बेल द्यायला सुरुवात केली. गाडीवर 'जलद' अशी लाल पाटी आणि गाडी गाळलेल्या थांब्यावर उभी. ड्रायव्हरला घंटी मिळाली की थांबावेच लागते. पाच बायका उतरत, बसाप्पा मागे बघत, डबल बेल. सगळा मामला अर्ध्या मिनिटाचा. डेपोत हे कानावर येत होते. कोणी विचारले तर ते म्हणत, "मी अर्ज दिलाय. उत्तर येस्तवर थांबतोय." उत्तर कोणाकडे अडले होते हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. अडवणारा एक मजला वर, पंख्याखाली बसला होता.

सात आठवड्यांनी एका प्रवाशाने तक्रार केली. जलद म्हणवता आणि वाटेल तिथे थांबवता, असा त्याचा मुद्दा, आणि त्याच्या बाजूने तो बरोबरच होता. पुढच्या रविवारी तपासणी पथक गाडीत चढले, वीटभट्टीला गाडी थांबली आणि बसाप्पांना बत्तीस वर्षांतला पहिला मेमो मिळाला. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

चौकशी साहेबांच्या खोलीत झाली. चौकशी अधिकारी दुसऱ्या शाखेचे होते, माणूस वाईट नव्हता. त्यांनी बसाप्पांना विचारले, आदेश माहीत असताना गाडी का थांबवली. बसाप्पांनी टप्प्याची भानगड पुन्हा एकदा सांगितली आणि म्हणाले की आपण हे आधीच लेखी दिलेले आहे. अधिकाऱ्यांनी आवक क्रमांक विचारला. बसाप्पांकडे तो नव्हता. मग अधिकारी माझ्याकडे वळले आणि असा काही अर्ज आला होता का, असे विचारले.

अर्ज तेव्हाही माझ्या खणात होता. मी म्हणालो, "आवक नोंदवहीत तशी नोंद नाही, सर."

ह्या वाक्यात एक शब्दही खोटा नाही. मी ते आदल्या रात्री पाठ करून आलो होतो. खोटे बोलायचे नाही, एवढी अट मी स्वतःला घातली होती आणि ती पाळल्याचे समाधानसुद्धा मला तेव्हा वाटले होते. आज ते समाधान आठवले की जेवताना घास तोंडातच राहतो. बसाप्पांनी माझ्याकडे बघितले. रागाने नाही. रस्त्यावर कोणी पळत येतोय का हे बघावे तसे, जरा वेळ देऊन. मी समोरच्या फाईलकडे बघू लागलो, तसे ते अधिकाऱ्यांकडे वळले आणि म्हणाले, "नोंद न्हाय म्हंजे न्हाय, साहेब. माझीच चूक धरा."

ठपका बसला. शिवाय त्यांना गाडीवरून काढून डेपोतल्या पासच्या खिडकीशी दिले. पाच महिने ते खुर्चीवर बसून शाळेच्या मुलांच्या पासांवर शिक्के मारत होते. डेपोतल्या टवाळांना आयता विनोद मिळाला, शेवटी बसाप्पा बसला. बसाप्पा स्वतःही त्यावर हसत. ठपक्याची नोंद सेवापुस्तकात करायचे काम आस्थापनेकडून माझ्याकडे आले, कारण त्या कारकुनाची बदली झाली होती आणि जागा रिकामी होती. बत्तीस वर्षे कोऱ्या राहिलेल्या पानावर, शाई पसरू नये म्हणून हाताखाली टिपकागद धरून, मी स्वतःच्या अक्षरात ती ओळ लिहिली. माझे अक्षर चांगले आहे.

बसाप्पा पासच्या खिडकीशी गेल्यावर जलद गाडी वीटभट्टीला थांबायची बंद झाली. एका रविवारी कागलहून लग्न आटोपून मी मोटरसायकलवरून परत येत होतो. फाट्याच्या अलीकडे रस्त्याच्या कडेने एकामागोमाग पाच बायका चालताना दिसल्या. पुढचीच्या हातात मोबाईलची बॅटरी, मागचीने चप्पल हातात घेतली होती. मी त्यांना कधी बघितले नव्हते, पण पाचही नावे मला ठाऊक होती, बसाप्पांच्या गोल अक्षरांतली. गाडी हळू केली. मग काय बोलणार, असा विचार केला आणि वेग वाढवला.

निवृत्तीच्या दिवशी डेपोत माळा लागल्या नाहीत. चहा झाला, नारळ आणि शाल झाली, कोणीतरी दोन शब्द बोलले. बसाप्पांची बायको गावाहून आली होती, नवे लुगडे नेसून. तिला बहुतेक कोणी सांगितले नव्हते, कारण ती दोनदा डेपोच्या फाटकाकडे, गाड्या उभ्या असतात तिकडे बघत होती. संध्याकाळी दोघे चौकात जाऊन उभे राहिले आणि वडापच्या, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीच्या, जीपमध्ये बसून गेले. थांब्यावरून प्रवासी पळवतात म्हणून बत्तीस वर्षे ज्या वडापवाल्यांशी ते भांडले, त्यांच्याच वडापमधून. मी वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून बघत होतो. खाली जायला जिन्याच्या अठरा पायऱ्या होत्या.

त्यानंतर दोन महिन्यांनी वेळापत्रकाची फेरतपासणी आली आणि मी वीटभट्टीचा थांबा 'महिला प्रवाशांच्या सोयीसाठी' परत घातला. बैठकीत पुन्हा माझे कौतुक झाले. संवेदनशील असा शब्द वापरला गेला. त्या रात्री मला झोप आली नाही आणि पुढच्या रविवारी मी बसाप्पांच्या गावाला गेलो.

ते गोठ्यापुढे वैरण टाकत होते. मला बघून त्यांना खरेच आनंद झाला, हे जास्त वाईट होते. वहिनींनी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. चांगले तासभर त्यांनी मला म्हैस, पाऊसपाणी, मुलाची इचलकरंजीतली नोकरी असे सगळे सांगितले. शेवटी मीच अर्जाचा विषय काढला. सगळे सांगितले. खण, नोंदवही, पाठ केलेले वाक्य. माफ करा म्हणालो. माझे डोळे भरून आले होते आणि ते त्यांना दिसावेत असेही मला वाटत होते.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिले. मग म्हणाले, "तम्मा, हे मला त्याच दिशी ठावं हुतं. कागद तुझ्याच हातात दिलता न्हवं मी? तवा बोलला असतास तर काम झालं असतं. आता हितं माझ्याम्होरं बोलून काय उपेग? तुजं मन हलकं हुईल, माझं पान तसंच ऱ्हाईल." पुढचे त्यांनी आवाज न चढवता सांगितले. "माफी मला नगं. जिथं बोलायचं ऱ्हायलंय तिथं बोल. लेखी दे."

मी दुसऱ्याच दिवशी अर्ज लिहिला. बसाप्पांचा अर्ज मी दाबून ठेवला होता, त्यांच्यावरचा ठपका काढून टाकावा, असा. तो बॅगेत घालून आवक टेबलापर्यंत गेलो. तिथल्या बाईंनी विषय विचारला. मी म्हणालो, नंतर देतो. असे किती वेळा झाले त्याचा हिशेब ठेवलेला नाही. कधी बढतीची यादी निघणार होती, कधी धाकट्या मुलीचा शाळाप्रवेश, कधी साहेब रजेवर. अर्जाच्या घड्या फाटल्या की मी तो नव्याने लिहून काढी. पावसाळा गेला, दिवाळी गेली, उन्हाळा तापला.

ज्येष्ठात डेपोच्या फळ्यावर बसाप्पा गेल्याची सूचना लागली. म्हशीला पाणी पाजायला उठले आणि तिथेच बसले, असे ड्रायव्हर लोक सांगत होते. अंत्ययात्रेला डेपोतले वीस-पंचवीस जण गेले. मी गेलो नाही. वहिनींच्या समोर उभे राहायचे धाडस झाले नाही, हे खरे कारण. रजा मिळाली नाही, हे सांगितलेले.

तेराव्यानंतरच्या सोमवारी मी अर्ज दिला. बाईंनी क्रमांक टाकला, नोंद केली, पोच दिली. दोन मिनिटे लागली. अर्ज साहेबांकडे गेला. हे साहेब नवे आहेत, बसाप्पांना त्यांनी कधी बघितलेले नाही. त्यांनी विषयाची ओळ तेवढी वाचून कोपऱ्यात 'नियमानुसार उत्तर द्यावे' असा शेरा मारला आणि आस्थापनेच्या कामाची जागा अजून भरलेली नसल्यामुळे फाईल उत्तरासाठी माझ्याच टेबलावर आली.

उत्तराचा मसुदा मी केला. 'संबंधित कर्मचारी मयत असल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे.' नस्तीबद्ध म्हणजे फाईलला दोरा बांधून ठेवणे. नियमाने दुसरे काही लिहिण्यासारखे आहे का, हे मी दोन दिवस शोधत होतो. नव्हते. माणूस हयात असता तर ठपका काढता आला असता, तसा नियम आहे, कलमही मला सापडले. साहेबांनी न वाचता सही केली. पत्र अर्जदाराच्या पत्त्यावर पाठवायचे असते, म्हणून ते टपालाने शिवाजी पेठेत, माझ्या घरी आले. बायकोने पाकीट हातात दिले आणि ऑफिसचे पत्र घरी कसे काय, असे विचारले. मी तिला म्हणालो, "काही नाही, कामाचं आहे," आणि ते न फोडता कपाटात ठेवले.